मौनाच्या दिवशी ऐकलेला पाठ

ज्यांना क्षयाची इंजेक्शनं चालू आहेत त्यांना आधीच सांगून टाकते. कानात आवाज येऊ लागला, चालताना तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. मी पाच आठवडे सांगितलं नाही. का सांगितलं नाही ते पुढे लिहिते आहे. ती चूक अडाणीपणाची नव्हती, शिकलेपणाची होती. म्हणूनच ती लिहून ठेवावी असं वाटलं.

*

जळगावला मुलींच्या शाळेत मी सव्वीस वर्षं संस्कृत आणि अर्धमागधी शिकवलं. अर्धमागधी म्हणजे जैनांच्या जुन्या ग्रंथांची भाषा. गावात व्यापारी घरं पुष्कळ, त्यामुळे त्या विषयाला दर वर्षी सात-आठ मुली मिळत. मी स्वतः ती लग्नानंतर शिकले, पिंपराळ्याच्या दोन खोल्यांत, स्वयंपाक आटोपल्यावर, मोठ्यानं वाचून. भाषा कानानं शिकायची असते असं मी मुलींना सांगत असे. अर्थ मागाहून येतो, आधी उच्चार. एक अक्षर घसरलं तरी मी पहिल्यापासून म्हणायला लावायची. मुली मला घाबरत. मीही मला घाबरत असे, कारण स्वतःलाही मी असंच पहिल्यापासून म्हणायला लावायची.

वैशाखात हे गेले. पाटबंधारे खात्याच्या कचेरीतून दुपारी घरी आले, पाणी मागितलं, आणि मी पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. आम्हाला मूलबाळ नाही. पुढचे चार महिने मी शाळेत जात होते आणि येत होते, एवढंच सांगता येतं. खोकला लागला तेव्हा रडण्यानं घसा धरला असेल असं वाटलं. लुगडं सैल होऊ लागलं तेव्हा दुःखात माणूस वाळतंच, असं म्हणून मी सोडून दिलं. संध्याकाळी कणकण येई, तीही मला बरी वाटे, कारण तिच्यामुळे लवकर झोप लागायची.

नवरात्रात वर्गात शिकवताना रुमालावर रक्त पडलं. पहिल्या बाकावरच्या मुलीनं ते पाहिलं आणि मान खाली घातली. त्या मुलीचा मला फार आधार वाटला. तिनं कुणाला सांगितलं नाही.

डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "बाई, क्षय आहे. दोन्ही बाजूंना थोडा थोडा." हा शब्द मी फळ्यावर कितीदा लिहिला होता, चंद्राच्या कलांबद्दल शिकवताना. त्या दिवशी तो माझ्या छातीच्या फोटोवर बोट ठेवून उच्चारला गेला तेव्हा मला तो अनोळखी वाटला. डॉक्टरांनी विचारलं, घरी कोण असतं. मी म्हटलं, कोणी नाही. ते उत्तर मी पहिल्यांदाच मोठ्यानं दिलं.

*

सासरचं जवळचं माणूस एकच उरलं होतं, ह्यांची थोरली बहीण, आक्का. त्या धुळ्याला राहत. माझं आणि त्यांचं भांडण कधी झालं नाही, पण जवळीकही झाली नाही, आणि त्याचं कारण मी होते.

ह्यांचं गाव शिरपूरकडे. आई-बहीण खानदेशी बोलत. मी नाशिकची. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई काय म्हणतात ते मला कळे, पण उत्तर मी पुस्तकी मराठीत देई. ह्यांनी पहिल्या वर्षी एकदा सांगितलं होतं, आईशी दोन शब्द तिच्या बोलीत बोल, तिला बरं वाटेल. मी म्हटलं, चुकले तर हसतील. हे म्हणाले, "हसू दे की." मी वही घातली. सासूबाईंच्या तोंडचे शब्द लिहून घेत गेले, त्यांचे अर्थ, त्यांची रूपं. नीट येऊ लागलं की बोलेन, असं ठरवलं होतं. अशा तीन वह्या भरल्या. सासूबाई गेल्या, तोवर मी त्यांच्याशी त्यांच्या बोलीत एक वाक्यही बोलले नव्हते. ह्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही. सून शिकलेली आहे, तिला आपलं बोलणं हलकं वाटतं, असा सासरी समज झाला होता. तो मी खोडला नाही.

आक्कांना लिहिता येत नाही. माझं आजारपण कानावर गेलं तेव्हा त्यांनी शेजाऱ्याकडून कार्ड लिहवून घेतलं. त्यात एवढंच होतं, की धुळ्याला दवाखाना आहे आणि मी आहे, निघून ये. आजाराचं नाव लिहिलं नव्हतं, कारण कार्ड सगळे वाचतात.

कोजागिरीनंतर मी धुळ्याच्या रुग्णालयात बायकांच्या वॉर्डात दाखल झाले.

*

वॉर्डातला दिवस ठरलेला असे. पहाटे तापमान, मग पत्र्याच्या मगातून चहा. नऊला इंजेक्शन, दिवसाआड उजवी-डावी बाजू. दुपारी त्या पावडरच्या पुड्या, ज्या पाण्यात ढवळून नाक धरून प्यायच्या आणि पोटात टिकवायच्या. सोमवारी वजन. आपली थुंकी झाकणाच्या डब्यात, आपलं ताट-वाटी वेगळं. पहिल्या आठवड्यात मला सर्वात जास्त लाज त्या डब्याची वाटली. नंतर बाया आपापले डबे उशाशी ठेवून गप्पा मारत, त्यांच्यात मीही बसू लागले.

माझ्या शेजारच्या खाटेवर कंचनबाई होत्या. आग्रा रोडवर त्यांच्या घरचं कापडाचं दुकान. सूर्य मावळल्यावर त्या काही खात नसत, म्हणून त्यांचा डबा पाचलाच येई, आणि डबा घेऊन येणाऱ्या नवऱ्याला त्या दुकानातल्या एकेका माणसाची चौकशी करून दमवत. पहाटे मात्र त्या खाटेवर मांडी घालून बसत, हातातला रुमाल तोंडापुढे धरत आणि त्यांचे पाठ म्हणत. तीच भाषा, जी मी आयुष्यभर शिकवली होती. ओळ न् ओळ मला पाठ होती. त्यांना अर्थ येत नव्हता. उच्चार तर फारच घसरत. दोन शब्द एकात मिसळत, एका ठिकाणी अख्खा शब्द गिळून टाकत.

तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. मी ती जागा त्यांना दाखवली.

त्या हसून म्हणाल्या, "सासूबाईंनी शिकवलं. त्यांना त्यांच्या सासूबाईंनी. तीन बायकांना एकदम नापास करू नका, मास्तरीणबाई."

त्यानंतर मी त्यांना काही सांगितलं नाही, पण पहाटे पडल्या पडल्या मनात त्यांचे शब्द सुधारत राहिले. त्यात माझा वेळ चांगला जाई. ह्यांच्या जाण्यानंतर पहिल्यांदा मला सकाळ व्हावीशी वाटू लागली, ती त्या पाठांमुळे.

*

दोन आठवड्यांनी कानात आवाज येऊ लागला. लांब कुठेतरी कापूस पिंजत असावेत तसा. मग उठताना खाटेची कड धरावी लागू लागली. आयाबाई गरम पाणी घेऊन येत आणि काही बोलत, तर मला दुसऱ्यांदा विचारावं लागे. मला वाटलं अशक्तपणा आहे.

पण खोकला कमी होत होता. ताप उतरला होता. वजन दोन रत्तल वाढलं होतं. इंजेक्शनं लागू पडत होती, आणि मी काही बोलले तर ती बंद करतील अशी मला भीती होती. मला बरं व्हायचं होतं. हे मी कबूल करते, कारण त्याआधी सहा महिने मला त्याचं काही वाटत नव्हतं.

शिवाय मी रोज परीक्षा घेत होते. भाषेच्या माणसाला कानाची किंमत कळते, तेव्हा मी बेसावध नव्हते. रोज पहाटे डोळे मिटून कंचनबाईंचे पाठ ऐकायचे, एक अक्षर सुटतं का पाहायचं. एकही सुटत नसे. कापसाचा आवाज चालू असे आणि त्याच्यावरून पाठ स्वच्छ येत. मग दिवसभर माझी खात्री असायची, की कान ठीक आहेत. उलट मला वाटू लागलं होतं, की कंचनबाई दिवसेंदिवस सुधारत आहेत. गिळलेला शब्द आता पुरा येत होता. मी सांगितलेलं त्यांनी मनावर घेतलं असावं, असं वाटून मला शिक्षिकेचा आनंद झाला.

खिडकीत चिमण्या येत. त्यांचा चिवचिवाट बंद झाला होता. थंडी पडली म्हणून गप्प असतील, असं मी समजले.

*

मार्गशीर्षातली एकादशी होती. जैनांमध्ये त्या दिवशी मौन पाळतात. हे मला माहीत होतं, मुलींना मी शिकवलंही होतं, पण दवाखान्यात तिथी-वार कुणाच्या लक्षात राहतो. कंचनबाईंनी आदल्या दिवशी सगळ्या वॉर्डाला सांगून ठेवलं होतं, की उद्या मी बोलणार नाही, कुणी राग मानू नका. मलाही सांगितलं होतं म्हणे. मी मान हलवली होती.

पहाटे मी नेहमीसारखी जागी झाले. त्या बसल्या होत्या, तोंडापुढे रुमाल, दुसऱ्या हातात माळ. मी डोळे मिटले आणि पाठ ऐकले, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

सकाळी दहाच्या सुमारास आक्का डबा घेऊन आल्या. त्या माझं ताट मांडत होत्या, तेव्हा मी कंचनबाईंकडे वळून म्हटलं, "आज तुमचा पाठ अगदी शुद्ध झाला. एकही चूक नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली. मला वाटलं, कौतुक नको म्हणताहेत. मी पुन्हा म्हटलं. त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली तेव्हा मी थांबले.

आक्कांनी हातातली वाटी खाली ठेवली. जवळ आल्या, माझ्या खांद्याला धरलं आणि कानाशी तोंड आणून म्हणाल्या, "कमल, आज तिनं मौन शे. सकायपासून ती एक शबद बोलेल नही."

मी विचारलं, आणि काल. कंचनबाई बोलू शकत नव्हत्या. पलीकडच्या खाटेवरच्या बाईनं सांगितलं, ते आक्कांनी मला परत सांगितलं. गेले दहा-बारा दिवस कंचनबाईंचा घसा बसला होता, त्या कामापुरतं कुजबुजत आणि पाठ मनातच म्हणत होत्या.

म्हणजे इतके दिवस मी ऐकत होते तो माझाच पाठ होता. शुद्ध होता, कारण माझा होता. कंचनबाईंच्या चुका जशा ऐकू येईनाशा झाल्या, तसतशी मी त्यांना जास्त गुण देत गेले होते.

*

डॉक्टर तरुण होते. त्यांनी घड्याळ कानाशी धरलं, लोखंडी चिमटा वाजवून कपाळावर टेकवला, पाठीमागे जाऊन आकडे बोलले. मला आकडे ऐकू आले नाहीत. उजव्या कानाचं बरंचसं गेलं होतं, डाव्याचं निम्मं. ते रागावले नाहीत. खुर्ची ओढून समोर बसले आणि कागदावर लिहून दाखवलं. इंजेक्शनं चालू ठेवली तर छाती लवकर बरी होईल, पण उरलेलं ऐकणंही बहुधा जाईल. बंद केली तर नुसत्या गोळ्या आणि पुड्यांवर दीड वर्ष काढावं लागेल, आणि आजार उलटण्याची धास्ती राहील. गेलेलं ऐकणं दोन्ही रस्त्यांनी परत येणार नाही. खाली लिहिलं होतं, तुमचं म्हणणं काय.

मी तो कागद आक्कांना वाचून दाखवला. वाचताना मला माझा आवाज कसा येतो आहे ते कळत नव्हतं. मी म्हटलं, मला ऐकू येत नसेल तर मी कोण आहे ते मला सांगता येणार नाही. मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही. हे मी आक्कांना सांगत होते, ज्यांच्याशी तीस वर्षांत मी मनातलं काही बोलले नव्हते.

आक्का माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, म्हणजे मला त्यांचे ओठ दिसावेत. सावकाश म्हणाल्या, "कान नही ऱ्हायनात तरी चाली. तू ऱ्हाय."

मी खूप रडले. शेवटी डॉक्टरांनीच ठरवलं. दोन महिन्यांची इंजेक्शनं झाली होती, थुंकीत जंतू दिसत नव्हते, तेव्हा ती बंद करून लांबचा रस्ता धरायचा. आक्कांनी त्यांना ठणकावून सांगितलं, की दीड वर्ष असो की दोन, ती माझ्याकडे राहील. डॉक्टर हसले, म्हणजे त्या नक्कीच फार मोठ्यानं बोलल्या असणार.

इंजेक्शनं थांबल्यावरही डावा कान आणखी थोडा उतरला. मग तिथेच राहिला. त्याच्याजवळ येऊन मोठ्यानं बोललं तर मला कळतं.

*

आक्कांचं घर लहान. पुढे अंगण, मागे पडवी. मला पडवीत उन्हाची जागा दिली. शेजारच्या काही बाया यायच्या बंद झाल्या. आक्कांना ते लागलं असेल, पण त्या म्हणायच्या, बरं झालं, चहा वाचला.

घरातलं कठीण काय होतं ते सांगते. आक्का दिवसभर बोलतात. कामाशी बोलतात, चुलीशी बोलतात. आता त्यांना प्रत्येक गोष्ट माझ्याजवळ येऊन, तोंड समोर करून सांगावी लागे. त्या थकून जात आणि चिडत, आणि चिडल्या की पाठ फिरवून बोलत, मग मला ते कळत नसे आणि त्या आणखी चिडत. मी कधी कधी कळलं नसताना मान हलवायची. ते त्यांच्या लगेच लक्षात येई.

एका दुपारी जेवताना त्या ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी हातात घेऊन माझ्यापुढे वाकल्या. मी ओठ वाचले. "आखो देऊ का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "नको व आक्का, पोट भरनं."

मी हे ठरवून केलं नव्हतं. समोर खानदेशी बोलणारे ओठ दिवसभर पाहत होते, त्यामुळे असेल. खरं कारण मला वाटतं ते असं, की मला माझा उच्चार ऐकूच आला नाही. तीस वर्षं माझ्या आत बसून जो कान मला पहिल्यापासून म्हणायला लावत होता, तो त्या दिवशी नव्हता.

आक्कांचा हात भाकरीसकट तसाच राहिला. मग मी धीर करून आणखी एक लांबलचक वाक्य बोलले, ताकाबद्दल. ते काय निघालं कोण जाणे. आक्का पाटावरच बसल्या आणि हसू लागल्या. पदरानं डोळे पुसत आणि पुन्हा हसत. मी विचारलं, काय चुकलं. त्या हातानं नको नको करत म्हणाल्या, "बोल, बोल. थांबू नको."

मी बोलत राहिले. त्या दिवशी आणि पुढेही. माझ्या तीन वह्या जळगावला ट्रंकेत होत्या आणि मला त्यांची आठवण झाली नाही. लोक हसतात म्हणून मी ज्याला इतकी भ्याले, ते हसणं आता मला समोर दिसे, ऐकू येत नसे, आणि दिसायला ते चांगलं होतं. आक्कांचे पुढचे दोन दात पडले आहेत हे मला तेव्हा कळलं.

पुष्कळ दिवसांनी, मी अंगणात शेंगा फोडत काही सांगत असताना त्यांनी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. विचारलं तर म्हणाल्या, "आज भाऊ पाह्यजे व्हता." भाऊ म्हणजे हे. मी म्हटलं, हो. ज्या गोष्टीला फक्त दोन शब्द लागत होते ती मी ह्यांच्यासाठी केली नाही, आणि आता ती मला सहज येते. आजारातून बरी झाले, यातून नाही. बरं व्हायची इच्छाही नाही.

*

दीड वर्षानं फोटो स्वच्छ आला. शाळेनं मला ग्रंथालयाचं काम दिलं आहे. घरी मी ग्रंथ वाचते, मनात. कुठे अडलं तर पुढे जाते, हे मी पूर्वी कधी केलं नसतं.

धुळ्याहून निघाले त्या दिवशी आक्कांनी मला बसमध्ये बसवलं आणि कंडक्टरला बजावलं, की हिला ऐकू येत नाही, जळगाव आलं की उतरवून द्या. माझ्या शेजारी पारोळ्याकडची एक बाई होती, मांडीवर पिशवी. गाडी सुटल्यावर तिनं माझ्या हाताला हात लावला, स्वतःच्या कानाकडे बोट केलं आणि तोंड समोर आणून विचारलं, "कानले काय व्हयनं, माय?"

अठरा महिने आम्ही त्या आजाराचं नाव कार्डावर लिहिलं नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं, तिच्या बोलीत, जसं जमेल तसं. रुमालावरचं रक्त, इंजेक्शनं, मौनाचा दिवस, आक्का. मी किती मोठ्यानं बोलते आहे ते मला कळायचा मार्ग नव्हता. पुढच्या बाकावरचे लोक वळून पाहू लागले तेव्हा समजलं, की सगळी गाडी ऐकते आहे. एका बाईनं आपलं मूल उचलून दुसऱ्या बाजूला नेलं. मी थांबले. माझ्या शेजारची बाई जागची हलली नाही. तिनं हातानंच खूण केली, पुढे.

शेवटी ती म्हणाली, "बरी व्हयनी ना आते? मंग बठ्ठं बरं." बठ्ठं म्हणजे सगळं. पारोळ्याला तिला उतरायचं होतं, पण गोष्ट अर्ध्यावर होती म्हणून ती एरंडोलपर्यंत आली आणि तिथून मागे गेली.

ही हकीकत मी सर्वात आधी सांगितली ती तिला. तेव्हा दोन तास लागले नाहीत, आणि बहुतेक वाक्यं चुकली असतील. हे दुसऱ्यांदा सांगते आहे, शुद्ध मराठीत, आणि लिहायला मला चार महिने लागले.